सीताफळाची बी आणि डोळा

प्रश्न: दोन्ही मुलींच्या डोक्यात उवा झाल्यात. मागच्या वर्षी सीताफळाच्या बियांची पूड पाण्यात कालवून लावली. उवा तशाच राहिल्या, वर धाकटीचा डोळा लालभडक झाला. सासूबाई म्हणतात, खोबरेलात कालवायला हवी होती. चुकलं कुठं?
— एक वाचक, ता. धारूर, जि. बीड

उत्तर: सासूबाईंचं खरं आहे. बियांतलं विष तेलात उतरतं, पाण्यात फारच कमी. म्हणून उवा वाचल्या. पण डोळ्याचा त्रास तेलानं टळत नाही. कुटताना पूड उडते, घामाबरोबर तेल कपाळावर ओघळतं, डोकं धुताना पाणी डोळ्यात जातं. बुबुळाचा वरचा पापुद्रा सोलला जातो आणि आग कधीकधी काही तासांनी सुरू होते, त्यामुळं आधी काही झालंच नाही असं वाटतं. मुलांच्या डोक्याला ही बी लावूच नका.

त्याऐवजी केस ओले करून भरपूर तेल किंवा कंडिशनर लावा आणि बारीक दातांच्या फणीनं मुळापासून टोकापर्यंत विंचरा. दर फेरीला फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा, म्हणजे काय निघालं ते दिसतं. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. एकदाच विंचरून थांबलात तर पुन्हा पहिले पाढे. विंचरणं जमत नसेल तर औषधाच्या दुकानात १ टक्का परमेथ्रिन मिळतं: दहा मिनिटं ठेवून धुवा, नवव्या दिवशी पुन्हा. दोघींचं एकाच दिवशी करा.

पूड डोळ्यात गेलीच, तर चोळू न देता पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा. मध, तूप, दूध काही घालू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं.

प्रश्न: बैलाच्या शिंगाच्या मुळाशी जखमेत किडे पडलेत. सीताफळाचा पाला चालेल का?
— एक शेतकरी, ता. अंबाजोगाई

उत्तर: पायाची जखम असती तर हो म्हटलं असतं. मूठभर ताजा पाला पाणी न घालता वाटून भरतात आणि पट्टी रोज बदलतात. शिंगापासून मात्र रस थेट डोळ्यात उतरेल. इथं पशुवैद्यकांनाच बोलवा. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं किडे वर आणून चिमट्यानं काढावे लागतात. खोलवरचा एखादा राहिला किंवा जखम उघडी राहून माशी बसली, की पुन्हा तेच.

प्रश्न: फळ खाताना बी गिळली तर?

उत्तर: अख्खी गेली तर तशीच बाहेर पडते. चावू किंवा कुटून खाऊ नका. गर्भपातासाठीही ती पूर्वी वापरली जायची, म्हणून गरोदर बाईनं तर बियांच्या पुडीला हातही लावू नये.