फोटोवरून चित्र छान येतं, समोर बसलं की का येत नाही? नवशिक्यांच्या प्रश्नांना उत्तरं

पत्र म्हापशाहून येवो नाहीतर काणकोणहून, आतला गोंधळ तोच असतो, म्हणून ह्यावेळी नेहमीचे प्रश्न एकत्रच घेतले. ज्याचं उत्तर एका ओळीत संपतं त्याला दोन-तीन ओळीच दिल्यात.

प्रश्न: सुरुवातीला कुठल्या पेन्सिली घ्यायच्या? दुकानदार २४ पेन्सिलींचा सेटच घ्या म्हणतो. (म्हापसा)

एचबी, २बी, ६बी. बस. सेटमधल्या ४एच, ६एच ह्या कडक, फिकट पेन्सिली तशाच पडून राहतात, उरलेल्या पैशांचा कागद घ्या आणि तो भरपूर वापरा.

प्रश्न: माझं वय ४६. लहानपणी सर म्हणायचे तुला हात नाही. आता शिकून काही होईल का, की ही देवाची देणगीच लागते? (फोंडा)

होईल. सरांचं ते वाक्य आता सोडून द्या, मला अशा वाक्यांचा फार त्रास होतो, कारण एकदा असं ऐकलं की माणूस तीस-चाळीस वर्षं पेन्सिलीला हात लावत नाही. आपल्या लोटलीच्या व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी आर्ट स्कूलचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं, पण तरुणपणी ते डायरीत रोज चित्रं काढायचे, १९४९ ते १९५१ च्या त्या डायऱ्या पुढे छापल्या गेल्यात, मिळाल्या तर जरूर बघा. घरची माणसं, शेजारी, गावातले प्रसंग, जे दिसलं ते काढलंय. तुम्ही रोज अर्धा तास द्या आणि महिन्याभराची चित्रं, चांगली-वाईट सगळी, कुणातरी शिकवणाऱ्या माणसाला नेऊन दाखवा. घरच्यांना नको, ते कौतुकच करणार.

प्रश्न: मी पिंटरेस्टवरचे फोटो बघून काढतो, कधी मोबाईलवर कागद ठेवून ट्रेस करतो. चित्रं एकदम मस्त येतात. पण मित्रांबरोबर पणजीच्या जुन्या फोंताइन्हास वाड्यात बसून काढायला गेलो तर साधं एक घर जमलं नाही. असं का होतं? (पर्वरी)

ह्या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सध्या माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाचं हेच दुखणं आहे.

ड्रॉइंगमधलं सगळ्यात अवघड काम म्हणजे समोरची खोल, जाडीची वस्तू सपाट कागदावर आणणं. फोटोमध्ये ते काम कॅमेऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं, तुम्ही फक्त सपाटावरून सपाटावर रेघा उतरवता. म्हणजे इतके दिवस तुमचा हात तयार झाला पण डोळा तसाच राहिला, आणि फोंताइन्हासमध्ये बसल्यावर डोळ्याचंच काम होतं. तिथे तुमची मान हलते, ऊन सरकतं, घर कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते तुम्हालाच ठरवायचं असतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण हे लवकर सोडा, कारण जितकी वर्षं ट्रेसिंगवर जातील तितकं समोर बसायला जास्त भ्या वाटतं.

आणि फोटो खरं सांगतो असंही नाही. जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान लहान दिसतात, कारण नाक कॅमेऱ्याच्या कितीतरी जवळ असतं, तेच तुम्ही पोर्ट्रेटमध्ये उतरवता आणि मग माणूस ओळखू येत नाही म्हणून मला विचारता. मोबाईल वर करून घराचा फोटो काढला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. भर उन्हात काढलेल्या फोटोत बाल्कांवच्या, म्हणजे गोव्याच्या घराच्या दारापुढच्या बसायच्या ओसरीच्या, आतली सावली नुसती काळी होते, पण तिथे प्रत्यक्ष बसा, त्याच सावलीत बाक दिसतो, लाल जमिनीचा उजेड छपराच्या खालून परत आलेला दिसतो, शिंपल्यांच्या खिडकीतून आत येणारा मंद प्रकाश दिसतो. हे सगळं फोटोत हरवतं आणि तुम्हाला कळतही नाही की हरवलंय.

मग करायचं काय? हात पूर्ण सरळ ताणून पेन्सिल धरा, एक डोळा मिटा, आणि अंगठा सरकवत मापं घ्या, दाराची उंची घराच्या उंचीत किती वेळा बसते, एवढंच आधी. कोपर वाकलं की माप चुकलं. दुसरं, आपल्या डोळ्याची उंची कागदावर हलक्या रेघेने आखून घ्या. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभासमोर थोडं लांब उभं राहून बघा: डोळ्याच्या रेषेत असलेली कड सरळ दिसते, तिच्या वरच्या मजल्यांच्या कडा वरच्या बाजूला वाकत जातात आणि खालच्या खाली. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की घागर, तांब्या, टोपली सगळ्यांची तोंडं बरोबर यायला लागतात, पाठ करायला लागत नाही. तिसरं, वस्तू काढण्याऐवजी वस्तूंमधली मोकळी जागा काढा. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधलेली लाकडी चौकट, ह्याला सगळ्यात छान: तोरिंग, सुपारीची शिपटी, कवंडाळ, नारळ, आणि त्यांच्या मधे दिसणारे रिकाम्या जागेचे वेडेवाकडे आकार. ते आकार नीट काढा, फळं आपोआप जागेवर येतात. दर चवथीला माटोळीचे फोटो घरोघरी काढले जातात, तिच्याखाली बसून चित्र काढणारं मूल मला क्वचित दिसतं, आणि ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा, मासळीवालीला काढा, ती हलणार, चित्र अर्धं राहणार, राहू दे, दुसरं सुरू करा.

रील्समध्ये दोन मिनिटांत पोर्ट्रेट होतं ते बघून खचू नका, ते तासन्‌तासांचं काम पळवून दाखवलेलं असतं आणि खालची आउटलाइन आधी ट्रेस केलेली आहे का हे कुणी सांगत नाही. मुलांसाठी ट्रेसिंगचे प्रोजेक्टर विकतायत ते तर घेऊच नका. फोटो कधीच वापरू नये असं मी म्हणत नाही, पण आधी समोर बसून काढा, मग फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. दुसऱ्याच्या फोटोवरून काढलेलं चित्र स्पर्धेला किंवा विकायला ठेवणार असाल तर आधी परवानगी घ्या आणि आयोजकांनाही विचारून घ्या. आणि ही चित्रं कुणा चित्रकाराला दाखवा, कुठे चुकतंय ते चित्र बघितल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.

प्रश्न: मी काढलेले चेहरे लांबट होतात आणि कपाळ छोटं येतं. (मडगाव)

टेबलावर कागद सपाट ठेवून काढता ना? कागदाची वरची बाजू डोळ्यापासून लांब पडते, त्यामुळे काढताना बरोबर वाटलेलं चित्र उभं धरलं की लांबट होतं. बोर्ड तिरका ठेवा. कपाळाचं म्हणाल तर डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, तुम्ही ते वर काढताय. चित्र आरशात बघा, चूक लगेच दिसते. तरी सुधारलं नाही तर एखाद्या शिक्षकासमोर बसून काढा.

प्रश्न: पावसात स्केचबुकवर तपकिरी ठिपके आले. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या तरी! (डिचोली)

डांबराच्या गोळ्या किडीसाठी, ओल त्यांनी जात नाही. हे ऐकीव उपाय कागदाचं फार नुकसान करतात. ठिपके बुरशीचे असण्याची शक्यता जास्त. ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. वही वेगळी करा, कोरड्या हवेशीर जागी सुकू द्या, मग मास्क लावून बाहेर मऊ ब्रशने झाडा. जून ते सप्टेंबर कागद बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल घालून ठेवा, पण आधी कागद पूर्ण सुकलेला हवा. वॉटरकलरचा कागद असा खराब झाला की रंग ब्लॉटिंग पेपरसारखा शोषून घेतो, त्यावर चांगलं काम करू नका. जुनं, मोलाचं चित्र असेल तर स्वतः काही करू नका, कागद जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न: मुलगी बारावीला आहे, आर्ट कॉलेजला जायचंय. एक क्लासवाले पाठ करायचे तयार विषय देतात आणि प्रवेश नक्की म्हणतात. भरू का फी? (वास्को)

प्रवेश नक्की म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पणजीला आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय १९७२ पासून आहे, नियम, चाचणी, तारखा सगळं तिथे जाऊन विचारा, आणि ह्याच आठवड्यात जा, कारण पालक निकालापर्यंत थांबतात आणि मग धावपळ होते. तयार विषय पाठ केलेली चित्रं सगळी एकसारखी दिसतात, बघणाऱ्याला लगेच कळतं. मुलीला रोज घरातलं काहीतरी समोर ठेवून काढू दे.

प्रश्न: काढताना मनगट दुखतं, अंगठा बधिर होतो. तीन महिने झाले, बाम लावतोय. (साखळी)

तीन महिने का थांबलात? डॉक्टरकडे जा. रात्री झोपेतही बधिर होत असेल तर उद्याच जा. पेन्सिल घट्ट आवळू नका, मोठ्या रेघा खांद्यातून ओढा, मधेमधे थांबा, हे सगळं खरं, पण तपासून घेतल्यानंतर. आणि जाताना पेन्सिल बरोबर न्या, कशी धरता ते डॉक्टरांना करून दाखवा.