‘उचिदेशी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: आयकिदो या जपानी युद्धकलेच्या एका शिबिराचे पत्रक मराठीत करायचे आहे. त्यात ज्येष्ठ जपानी शिक्षकांचे परिचय आहेत आणि ‘उचिदेशी’, ‘सेन्सेई’, ‘शिहान’, ‘सहावा दान’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. ‘उचिदेशी’साठी ‘निवासी विद्यार्थी’ चालेल का? बाकीच्या शब्दांचे भाषांतर करावे, की ते तसेच ठेवावेत?

‘निवासी विद्यार्थी’ नको. हा शब्द वाचला की मराठी वाचकाला वसतिगृह आठवते: शुल्क भरले, खोली मिळाली, वर्ग संपला की वेळ आपला. उचिदेशीचे जगणे याच्या उलट असते. ‘उचि’ म्हणजे घर किंवा घराची आतली बाजू, आणि ‘देशी’ म्हणजे शिष्य. ‘देशी’ हा शब्द धाकटा भाऊ आणि मूल या अर्थांच्या दोन चित्रलिपी-अक्षरांनी लिहितात. थोडक्यात, गुरूच्या घरात घरच्यासारखा राहणारा शिष्य. रोज येऊन शिकून जाणारा तो ‘कायोइदेशी’ किंवा ‘सोतोदेशी’, म्हणजे ये-जा करणारा, बाहेरचा शिष्य. दोघांमधला फरक कोण कुठे झोपतो एवढाच नाही. पहाटे दोजो, म्हणजे सरावाची जागा, झाडणे, चटया पुसणे, स्वयंपाक, धुणी, न्हाणीचे पाणी तापवणे, गुरूंची पिशवी घेऊन प्रवासात सोबत करणे ही सगळी कामे उचिदेशीकडे असतात. प्रात्यक्षिकाच्या वेळी गुरूंचे तंत्र अंगावर झेलायलाही बहुतेकदा तोच उभा राहतो. शिक्षणाचा गाभा या शेवटच्या कामात आहे. गुरूचा हात कुठून सुरू होतो, तोल नेमका कधी जातो, हे पाहून जेवढे कळते त्याहून झेलून अधिक कळते. ज्याला दिवसातून अनेकदा झेलायला मिळते तो पुढे जातो.

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: ‘अंतेवासी’. यातला ‘अंत’ म्हणजे शेवट नव्हे. संस्कृतात ‘अंत’चा एक अर्थ ‘जवळ, सान्निध्य’ असा आहे. ‘अन्ते वसति’, जो जवळ राहतो तो. समास होऊनही सप्तमीचा ‘ए’ टिकून राहिला आहे, जसा ‘सरसिज’ आणि ‘युधिष्ठिर’ या शब्दांत सप्तमीचा प्रत्यय टिकतो, म्हणून ‘अंतवासी’ असे लिहू नये. तैत्तिरीय उपनिषदात वेद शिकवून झाल्यावर आचार्य ज्याला ‘सत्यं वद, धर्मं चर’ असा उपदेश करतात तो अंतेवासीच. हा शब्द वेद शिकणाऱ्यापुरताही नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीत कारागिरी शिकणाऱ्या अंतेवासीबद्दल स्पष्ट नियम आहे: ‘कृतशिल्पोऽपि निवसेत् कृतकालं गुरोर्गृहे’. शिल्प शिकून झाले तरी ठरलेला काळ संपेपर्यंत त्याने गुरूच्या घरी राहावे, जेवण गुरूकडून घ्यावे आणि आपल्या कामाचे फळ गुरूला द्यावे. हातात कसब उतरेपर्यंत घरात राहणे, त्या बदल्यात जेवण, आणि कामाचे फळ गुरूकडे: उचिदेशीची व्यवस्था जवळजवळ हीच आहे.

‘शागीर्द’ आणि ‘पठ्ठा’ हेही चांगले शब्द आहेत, पण दोन्हींचा भर वेगळ्या जागी पडतो. ‘गंडाबंध शागीर्द’ म्हटले की गंडा बांधण्याचा विधी आणि घराण्याशी जडलेले नाते पुढे येते; तो गुरूच्या घरी राहिलाच असेल असे नाही. ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’ म्हटले की कोल्हापूरची तालीम डोळ्यांसमोर येते. तालमीत राहून, झाडलोट करून, वस्तादाच्या नजरेखाली मेहनत करणारा मल्ल हा उचिदेशीचा खरा चुलतभाऊ. पण पठ्ठा कुस्तीच्या मैदानात उतरतो, आणि आयकिकाई या आयकिदोच्या मुख्य संघटनेच्या आयकिदोत स्पर्धा नसतात. पत्रकात ‘पठ्ठा’ वाचून कोणी किती कुस्त्या मारल्या असे विचारले, तर दोष शब्दाचा असेल.

तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘उचिदेशी, म्हणजे गुरुगृही राहून शिकणारा अंतेवासी’ असे लिहावे आणि पुढे ‘अंतेवासी’च वापरावा. ‘उचिदेशी’ हे मूळ रूप देवनागरीत एकटे सोडले तर एक वेगळीच अडचण होते: मराठी डोळा त्यात ‘देशी’ वाचतो, ‘परदेशी’तला. शब्द चालवताना ‘उचिदेशीने’, ‘उचिदेशींना’ असे सरळ चालवावे. ‘विद्यार्थ्याने’च्या धर्तीवर ‘उचिदेश्याने’ करू नये.

शब्द नीट निवडला तरी वाक्य खोटे ठरू शकते, आणि परिचयपत्रांतली खरी गोची इथेच असते. ‘संस्थापकांचा उचिदेशी’ हे दोन शब्द वेगवेगळ्या काळात वेगवेगळे सांगतात. आयकिदोचे संस्थापक उएशिबा मोरिहेई (१८८३–१९६९) यांनी १९३१ मध्ये तोक्योत कोबुकान हा दोजो उभारला. ८० तातामींच्या (जमिनीवरच्या जपानी चटयांच्या) त्या दोजोला तिथल्या कठोर सरावामुळे लोक ‘नरक दोजो’ म्हणत. १९३२ मध्ये तिथे आलेले शिओदा गोझो यांच्यासारखे त्या काळातले उचिदेशी खरोखरच संस्थापकांच्या छपराखाली होते. १९४२ मध्ये उएशिबा इबाराकी प्रांतातल्या इवामा गावी राहायला गेले. तोक्योच्या दोजोचा भार त्यांचे चिरंजीव किश्शोमारु (१९२१–१९९९) यांच्यावर आला. १९५० आणि ६० च्या दशकांत तोक्योच्या मुख्य दोजोत राहून शिकलेले तामुरा, यामादा, चिबा, कानाई, सुगानो यांना ‘उचिदेशी’ म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण त्यांचे रोजचे शिक्षण बरेचसे किश्शोमारु आणि तिथले ज्येष्ठ शिक्षक तोहेई कोइची यांच्याकडे होई. संस्थापक इवामाहून येत, काही दिवस राहत, शिकवत. अशा शिक्षकाबद्दल ‘संस्थापकांच्या घरी राहून शिकले’ असे लिहिले तर चित्र चुकते. ‘तोक्योच्या मुख्य दोजोतले अंतेवासी, संस्थापकांकडेही शिकले’ एवढे लिहिले की ते नेमके होते.

सैतो मोरिहिरो (१९२८–२००२) यांचे उदाहरण तर शब्दप्रेमींनी जपून ठेवावे असे आहे. ते १९४६ मध्ये इवामात आले. नोकरी रेल्वेत, २४ तास काम आणि २४ तास सुट्टी अशा पाळीची. सुट्टीच्या दिवशी सराव आणि संस्थापकांच्या शेतातली कामे. पुढे संस्थापकांनी दिलेल्या जागेवर त्यांनी घर बांधले, त्यांची पत्नीही उएशिबा दांपत्याच्या सेवेत राहिली, आणि १९६९ नंतर इवामाचा दोजो व आयकी देवस्थान सैतोंनी सांभाळले. ‘उचि’ या शब्दाचा काटेकोर अर्थ घेतला, म्हणजे छपराच्या आत राहणारा, तर पगारी नोकरी करणारे सैतो त्यात बसवायला अडचण होते. ‘अन्ते’, म्हणजे जवळ राहणारा, असे म्हटले तर २३ वर्षे गुरूच्या दाराशी राहिलेल्या माणसाला हा शब्द जितका शोभतो तितका क्वचितच कोणाला शोभेल. इथे संस्कृत शब्द जपानी शब्दापेक्षा थोडा रुंद आहे, आणि तो रुंदपणा उपयोगाचा आहे. मात्र सैतोंसाठी ‘उचिदेशी’ हा जपानी शब्द पत्रकात लिहिण्याआधी मूळ मजकुरात तो आहे का, हे पाहावे.

तिसरा काळ आजचा. आता अनेक दोजो परदेशी साधकांना काही आठवडे किंवा काही महिने, शुल्क घेऊन, ‘उचिदेशी’ म्हणून ठेवतात. त्यात वावगे काही नाही. झाडलोट आणि पहाटेचा सराव तिथेही असतो. पण तीन आठवडे आणि सात वर्षे यांना एकच शब्द लावून पुढे काहीच न सांगणे ही वाचकाची फसवणूक आहे. म्हणून परिचयात या शब्दाजवळ तीन गोष्टी हव्यातच: कोणाकडे, कुठे आणि किती काळ. मूळ मजकुरात त्या नसतील तर आयोजकांना विचाराव्यात.

‘सेन्शुसेई’ हा शब्द दिसला तर तो उचिदेशीचा पर्याय समजू नका. शिओदांनी १९५५ मध्ये योशिनकान ही वेगळी शाखा काढली, आणि तिथल्या सुमारे ११ महिन्यांच्या सघन अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सेन्शुसेई म्हणतात. तोक्योच्या दंगलविरोधी पोलिसांना तिथेच शिकवले जाते. हा अभ्यासक्रम आहे, गुरुगृह नव्हे. ‘पूर्णवेळ प्रशिक्षणार्थी’ हे मराठी पुरेसे आहे.

आता ‘सेन्सेई’. अक्षरशः अर्थ ‘आधी जन्मलेला’. जपानीत शाळेतल्या बाई, डॉक्टर, वकील, लेखक, राजकारणी या सगळ्यांना सेन्सेई म्हणतात, त्यामुळे ‘सद्गुरू’ किंवा ‘महागुरू’ असे भाषांतर भलतेच जड होते. आपला ‘गुरुजी’ त्याच्या जवळ जातो, आणि त्याची वागणूकही तशीच आहे: तो नावाच्या मागून येतो, ‘सानेगुरुजी’सारखा. ‘सैतो सेन्सेई’ लिहावे, ‘सेन्सेई सैतो’ नव्हे, ‘श्री. सैतो सेन्सेईजी’ हा तर तिहेरी मान झाला. क्रियापद आदरार्थी अनेकवचनी: ‘सैतो सेन्सेई शिकवत’, ‘सेन्सेईंनी दाखवले’. जपानीत कोणी स्वतःला सेन्सेई म्हणवत नाही. त्यामुळे परिचय प्रथमपुरुषी असेल तर ‘मी अमुक सेन्सेई’ हे वाक्य ‘मी आयकिदो शिकवतो’ असे बदलावे.

संस्थापकांना ‘ओ-सेन्सेई’ म्हणतात आणि त्याचे हमखास ‘महान गुरू’ होते. पण त्या ‘ओ’मागे घरातली एक व्यवस्था आहे. बाप आणि मुलगा दोघेही शिक्षक असतील तेव्हा बाप ‘ओ-सेन्सेई’ आणि मुलगा ‘वाका-सेन्सेई’, तरुण गुरुजी. मराठीत हे अंतर ‘थोरले’ आणि ‘धाकटे’ यांनी सहज पकडता येते. ‘थोरले गुरुजी’ म्हटले की मान आणि वय दोन्ही येतात, आणि ‘महान’ची भाटगिरी टळते. संस्थापकांच्या बाबतीत हाच ‘ओ’ ‘वयोवृद्ध’ अर्थाच्या अक्षरानेही लिहितात. ‘थोरले’मध्ये तीही छटा सामावते. किश्शोमारु आणि आता त्यांचे चिरंजीव मोरितेरु यांच्यासाठी असलेला ‘दोशु’ हा शब्द मात्र पदनाम आहे, मार्गाचा प्रमुख. तो तसाच ठेवून एकदा उलगडावा.

‘शिहान’ हाही तसाच ठेवावा. त्यात ‘गुरू’ आणि ‘आदर्श, नमुना’ अशी दोन अक्षरे आहेत. निरुक्तात आचार्य शब्दाची एक व्युत्पत्ती ‘आचारं ग्राहयति’ अशी दिली आहे, जो आचार अंगी बाणवतो तो. म्हणजे अर्थाने ‘आचार्य’ अगदी शेजारी बसतो. पण मराठीत ‘आचार्य’ म्हटले की अत्रे आणि विनोबा आठवतात, शिवाय ते विद्यापीठीय बिरुदही वाटते. शिहान हे एका व्यवस्थेतले पद आहे. आयकिकाईच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीसाठी ‘फुकुशिदोइन’ (साहाय्यक शिक्षक), चौथ्या-पाचव्यासाठी ‘शिदोइन’ (शिक्षक) आणि सहाव्यापासून पुढे ‘शिहान’ अशा पदव्या आहेत. श्रेणी आणि पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानबाहेर सहावी श्रेणी मिळाली म्हणून शिहान ही पदवी आपोआप मिळतेच असे नाही, म्हणून मूळ मजकुरात दोन्ही नसतील तर एकावरून दुसरी अंदाजाने लिहू नये.

राहिला ‘दान’. इथे देवनागरी दगा देते. ‘त्यांना सहावे दान मिळाले’ हे मराठी वाक्य धर्मादायाचे होते, किंवा सोंगट्यांचे. कराटेमुळे रुळलेला ‘डॅन’ बोलण्यात ठीक आहे, पण छापताना ‘सहावी श्रेणी (रोकुदान)’ सर्वांत स्वच्छ. ‘पायरी’ हा अक्षरशः अर्थही सुरेख आहे. पहिल्या काळ्या पट्ट्याचे नाव ‘शोदान’, आणि त्यातला ‘शो’ म्हणजे ‘आरंभीचा’. काळा पट्टा म्हणजे ‘पारंगत’ असे लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मुख्य दोजोच्या नियमांप्रमाणे शोदाननंतर दुसऱ्या श्रेणीला किमान १ वर्ष आणि सरावाचे २०० दिवस, तिसरीला आणखी २ वर्षे व ३०० दिवस, चौथीला आणखी ३ वर्षे व ४०० दिवस लागतात. मोजणी हजेरीच्या दिवसांची आहे, हे भाषांतरात सुटते: ‘२०० दिवसांचा सराव’ लिहावे, ‘२०० दिवसांनी’ नव्हे. वरच्या श्रेणींना परीक्षा नसते. त्या शिफारशीने मिळतात आणि जानेवारीत कागामी-बिराकी या नववर्षाच्या समारंभात जाहीर होतात. म्हणून ‘सहाव्या श्रेणीची परीक्षा उत्तीर्ण’ हे वाक्य चूक. ‘सहावी श्रेणी प्रदान’ हे बरोबर.

तुम्ही विचारले नाही, पण पत्रकात ‘दोजो’ येणारच. ‘तालीम’ हा त्याचा सर्वांत जिवंत मराठी पर्याय आहे, कारण आपल्याकडे तालीम म्हणजे सरावही आणि सरावाची जागाही. जपानीत या दोन गोष्टींना ‘केइको’ आणि ‘दोजो’ असे वेगळे शब्द आहेत, म्हणून एकाच परिच्छेदात दोन्ही असतील तर ‘सराव’ आणि ‘दोजो’ ठेवणे सोयीचे. ‘दोजो’चे मूळ आपल्यापासून फार दूर नाही: ज्या चिनी शब्दावरून तो आला, तो बौद्ध ग्रंथांतल्या ‘बोधिमंड’ या संस्कृत शब्दाचे भाषांतर म्हणून वापरला गेला, बुद्धाला जिथे बोधी झाली ती जागा. उच्चारताना ‘जो’ हा ‘जोशी’तला, ‘जोर’मधला नव्हे.

नमुन्यासाठी एक परिचय, सगळ्या सूचना लागू करून: ‘चिबा काझुओ (१९४०–२०१५), शिहान. १९५८ मध्ये तोक्योच्या मुख्य दोजोत उचिदेशी, म्हणजे गुरुगृही राहून शिकणारे अंतेवासी, म्हणून प्रवेश. १९६६ पासून ब्रिटनमध्ये अध्यापन, १९८१ पासून अमेरिकेत सॅन डिएगो येथे. चिबा सेन्सेईंनी दोन्ही देशांत शिक्षकांची पिढी तयार केली.’