पन्नाशीनंतर सिगारेट सोडली की दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात, हे खरं आहे का?

वाढल्यासारख्या दिसतात खऱ्या, पण गोष्ट उलटी आहे. या वयात बरेच जण सिगारेट सोडतात तेच मुळी छातीत कळ आल्यावर किंवा जिना चढताना मधेच थांबावं लागल्यावर. आजार आधीच घरात शिरलेला असतो. ईसीजी, एक्स-रे, नळीत फुंकायची ती स्पायरोमेट्री हे सगळं त्याच्यामुळे. ओढणारे मात्र सकाळचा खोकला ‘नेहमीचाच’ म्हणून अंगावर काढतात आणि एकदम अ‍ॅडमिट होतात. (आमचे काका यातलेच.) ब्रिटिश डॉक्टरांवर ५० वर्षं चाललेल्या अभ्यासात (२००४) पन्नाशीला सोडणाऱ्यांचं आयुष्य साधारण ६ वर्षांनी वाढलं, साठीला सोडणाऱ्यांचं ३ वर्षांनी. तेव्हा सुरुवातीच्या चार तपासण्यांना घाबरून परत पाकीट उघडू नका.