एक ते दहाच का?

प्रश्न : सर, मी वाळवा तालुक्यातल्या एका गावात राहते. यंदा दहावी झाले. 74 टक्के पडले, गणितात 61. बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि सातवीपासून शाळा सुटली की मी तिथेच असते. कॉइल गुंडाळणं, स्लॉटमध्ये, म्हणजे मोटरच्या खाचांत, पेपर घालणं, वायर भरणं मला येतं. मागच्या महिन्यात गिरणीची 36 स्लॉटची मोटर मी एकटीने भरली, बाबांनी फक्त कनेक्शन केलं. ते म्हणाले, 'एक ते दहा टाक.' मी टाकलं. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. मामा म्हणतात, अकरावी सायन्स घे. आत्या म्हणते, मुलीच्या जातीला हे काळं-तेलकट काम कशाला? बाबांची कंबर धरलेली असते, हाताखाली कोणी नाही. त्यामुळे शिक्षण सोडून दुकानच बघावं असंही वाटतं. आमच्याकडे मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, नाही; मोटरच्या सिरीजमध्ये बल्ब जोडून तपासतो. मी काय करू?
— एक वाचक

उत्तर : पोरी, आधी तुझी मोटर, मग तुझं शिक्षण.

गिरणीची मोटर बहुधा 1440 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 1440 फेरे घेणारी, म्हणून चार पोलची. पोल म्हणजे वाइंडिंगमुळे तयार होणारे चुंबकी ध्रुव. 36 ला 4 ने भाग, नऊ आले. कॉइलची एक बाजू एका पोलखाली असेल, तर दुसरी शेजारच्या पोलखाली पडायला हवी, म्हणजे नऊ स्लॉट पुढे. पहिल्यातून निघालेली दहाव्यात. उद्या 36 स्लॉटचीच पण 960 ची मोटर आली, तर ती सहा पोलची. तिथे एक ते सात. एवढंच.

बाबांना काम येत नाही असा याचा अर्थ नाही. जुनं वाइंडिंग सोडवताना फेरे मोजायचे, वायरचा गेज, म्हणजे जाडी, बघायची, वहीत उतरवायचं आणि तसंच भरायचं. बहुतेक दुकानं अशीच चालतात. पण समोर आलेली मोटर आधीच कुणी चुकीची भरून ठेवली असेल, तर नक्कल करणारा तीच चूक पुन्हा भरतो आणि मोटर पुन्हा जळून त्याच्याच दारात येते. तुझ्या पत्रात मला तुझ्या हातापेक्षा तो 'का' मोलाचा वाटला. नुसतं दुकानात बसलीस तर हात आणखी बसेल, 'का' मात्र तसाच राहील.

म्हणून मी तुला डिप्लोमा इलेक्ट्रिकल सुचवतो. तीन वर्षांचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, वेगळी परीक्षा नाही. तुला जवळची शासकीय तंत्रनिकेतनं म्हणजे कराड आणि मिरज, दोन्हींचे पर्याय भर. पुढे वाटलं तर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्यासाठी सीईटी नाही. मामांना हे नीट समजावून सांग. त्यांना तू इंजिनिअर व्हायला हवी ना? तो रस्ता याही बाजूने जातो, आणि वाटेत दोन वर्षं क्लासच्या फीमध्ये जात नाहीत.

मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडचा शिल्पनिदेशक, म्हणजे शिकवणारा होतो, तरी तुला आयटीआय पहिल्यांदा सांगत नाही. तिथे दोन वर्षं प्रामुख्याने हात तयार करण्यात जातात आणि तुझा निम्मा तयारच आहे. डिप्लोमाला नंबर नाहीच लागला, तर मात्र बिनधास्त वीजतंत्री घे. मुलींना 30 टक्के जागा राखीव असतात. दोन वर्षांनी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, म्हणजे एक वर्ष जास्त जाईल, बाकी काही बिघडत नाही.

आता अडचण. 61 गुणांचं गणित डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी तुला दमवेल. त्या वर्षात सगळ्यात जास्त पोरं गणितात अडकलेली मी पाहिली आहेत, त्यातली काही कायमची. वर्ग सुरू होईपर्यंत रोज तासभर बीजगणित आणि त्रिकोणमिती, दुसरं काही नको. इंग्रजीची एवढी भीती बाळगू नकोस, स्टेटर आणि रोटर तू रोजच बोलतेस.

आत्याबाईंचं काय? तिथे मला बोलायला तोंड नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगी वडिलांबरोबर प्रवेशाला आली, फॉर्मवर पहिला पर्याय वीजतंत्री. मीच म्हणालो, 'वर्गात सगळी मुलं आहेत, शिवणकाम घे, बरं पडेल.' वडिलांनी लगेच मान हलवली. तिने माझ्याच पेनने तो पर्याय खोडला. पुढे तिचं काय झालं मला ठाऊक नाही, मी कधी विचारलंही नाही.

दुकान बंद पडू देऊ नकोस, पण बाबांचा मदतनीस तूच असायला हवंस असं नाही. गावातला एखादा पोरगा हाताखाली घ्यायला त्यांना सांग. जड स्टेटर उचलायला तुझाही उपयोग नाही आणि त्यांच्या कंबरेचाही. कॉइल भरायला तू रविवारी येशीलच. पावसाळ्यात पुराच्या पाण्यात बुडालेल्या मोटरी आल्या की चार दिवस सुट्टीही टाकशील, ते मी गृहीत धरतो.

आणि मेगर. बल्ब फक्त पूर्ण शॉर्ट दाखवतो. ओल धरलेलं, अर्धवट मेलेलं इन्सुलेशन त्याला कळत नाही. गिऱ्हाईक मोटर बसवतं, ती आठ दिवसांत जाते आणि शिव्या बाबांना. प्रवेशाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. 500 व्होल्टचा मेगर या आठवड्यात सांगलीला जाऊन आणा.