सेमिनरीच्या चॅपेलमध्ये लग्न लागू शकते का?

प्रश्न : पुण्यातील एका कॅथलिक सेमिनरीचे (फादर घडवणाऱ्या संस्थेचे) चॅपेल, म्हणजे प्रार्थनागृह, आमच्या भागाची ओळखच आहे, पत्ता सांगताना आम्ही त्याचीच खूण सांगतो. मुलीचे लग्न तेथे लावावे अशी आमची इच्छा होती. परंतु ‘आधी तुमच्या पॅरिशच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या) फादरांना भेटा’ असे सांगण्यात आले. तेथे रोज मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) होते, मग लग्नाला अडचण कोणती?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला मिळालेला सल्ला नियमाला धरूनच आहे. १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेतील कलम २६२ प्रमाणे सेमिनरी पॅरिशच्या कारभाराबाहेर असते. तेथे राहणाऱ्यांसाठी पॅरिशच्या फादरांची जबाबदारी रेक्टर, म्हणजे सेमिनरीचे प्रमुख, सांभाळतात. मात्र विवाहाच्या बाबी त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. तरीही आपला मार्ग बंद झालेला नाही. पॅरिशच्या फादरांनी किंवा बिशपांनी परवानगी दिल्यास दुसऱ्या चर्चमध्ये अथवा चॅपेलमध्ये विवाह लावता येतो; अर्थात त्या जागेसाठी रेक्टरांची संमतीही हवीच.

बाहेरून खूण म्हणून दिसणारी ही वास्तू आतल्या माणसांसाठी रोजची प्रार्थनेची जागा असते, हे लक्षात घ्यावे. रामवाडीची पेपल सेमिनरी १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन झाली आणि १९५५ साली पुण्यात आली. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या, घरी निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या ब्रदरांना (फादर होण्यासाठी शिकणाऱ्यांना) अशा संस्थेत एकत्र बांधणारी जागा म्हणजे चॅपेल. सकाळच्या प्रार्थनेत स्तोत्रसंहितेतील एक कडवे एका बाजूचे म्हणतात, क्षणभर थांबतात आणि पुढचे कडवे समोरची बाजू उचलते. दिंडीत समोरासमोर उभ्या राहिलेल्या टाळकऱ्यांच्या रांगा आठवाव्यात, तसेच ते चालते. पुढे ज्यांना गावोगावी उपासना चालवायची आहे, ते वाचन करायला, गायन सांभाळायला आणि वेदीपाशी सेवा करायला येथेच शिकतात. जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार करणे, आरती ओवाळणे अशा भारतीय पद्धतींना रोमने १९६९ साली मान्यता दिली. प्रोटेस्टंट परंपरेतही चॅपेलचे महत्त्व तेवढेच आहे. यवतमाळहून १९८३ साली बिबवेवाडीला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी हे त्याचे पुण्यातील उदाहरण होय.

माझे मत विचाराल, तर मुलीचे लग्न पॅरिशमध्येच लावावे. सेमिनरीतील विद्यार्थी शिक्षण संपले की निघून जातात. नव्या जोडप्याच्या सुखदुःखात उभे राहणारे लोक पॅरिशमध्येच भेटतात, आणि पुढे नातवंडांचा बाप्तिस्माही तेथेच व्हायचा असतो.

चॅपेलमध्ये प्रार्थनेला बसण्याची इच्छा मात्र जरूर पूर्ण करावी. ते मूलतः तेथील समुदायासाठी असले, तरी संबंधित वरिष्ठांच्या संमतीने इतर भाविकांनाही तेथे येता येते. फाटकावर चौकशी करून मिस्सेची वेळ विचारावी आणि थोडे आधी पोहोचावे.