चार ओळींच्या दुरुस्तीसाठी चाचणी आणि शैलीचे एवढे नियम कशासाठी?

आपण अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, जँगो या पायथनमधील वेब फ्रेमवर्कला एक लहानशी दुरुस्ती पाठवू इच्छिता, आणि त्यांची योगदानाची नियमावली वाचून आपल्याला प्रश्न पडला आहे की मूळ बदल चार ओळींचा असताना त्यासोबत वीस ओळींची चाचणी (बदल बरोबर चालतो का हे तपासणारा वेगळा कोड), ठरावीक धाटणीचा कमिट-संदेश (बदल नोंदवताना लिहायची टीप) आणि कोडच्या मांडणीचे नियम यांचा आग्रह कशासाठी, आणि नवख्याने यातले नेमके काय मनावर घ्यावे. इतरांचे पॅच, म्हणजे त्यांनी पाठवलेले कोडमधील बदल, तपासणे हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग असल्यामुळे माझे मत थोडक्यात असे आहे : चाचणीचा नियम पूर्णपणे मनावर घ्यावा, मांडणीचे नियम यंत्रावर सोपवावेत, आणि या दोन्हींच्या आधी तिकीट, म्हणजे त्या दोषाची प्रकल्पाकडील नोंद, पाहावे.

पहिल्यांदा योगदान देणारे बरेच जण एक-दोन दुरुस्त्या देऊन आपापल्या कामाला लागतात आणि त्यात वावगे काही नाही. परंतु त्यांनी लिहिलेल्या ओळी पुढे कित्येक वर्षे दुसऱ्या कोणाला तरी सांभाळाव्या लागतात. त्या ओळींतली एखादी अट तिथे का आहे हे त्या दुसऱ्या माणसाला ठाऊक नसते, विचारायला आपण जागेवर नसतो, आणि कोड सुटसुटीत करताना ती अट त्याने काढून टाकली तर जुना दोष कोणाच्याही लक्षात न येता परत येतो. त्या क्षणी त्याला अडवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे आपली चाचणी. म्हणूनच दोष दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक पॅचसोबत अशी चाचणी मागितली जाते की जी दुरुस्तीआधी नापास होते आणि दुरुस्तीनंतर उत्तीर्ण होते. यातला पहिला अर्धा भाग लोक विसरतात. दुरुस्ती झाल्यावर लिहिलेली आणि लिहिल्याबरोबर हिरवी (म्हणजे उत्तीर्ण) झालेली चाचणी मूळ दोषाला स्पर्श करते की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. काळजीपूर्वक तपासणारा समीक्षक आपल्या पॅचमधील फक्त चाचणीची फाइल घेतो, मूळ कोड जुनाच ठेवतो आणि ती चालवून पाहतो. तेव्हा ती नापास झाली नाही, तर पुढचे वाचण्याची त्याला गरजही उरत नाही.

आपल्याच भाषेतले एक उदाहरण घेऊ. जँगोमध्ये स्लगिफाय नावाचे फंक्शन आहे, जे एखाद्या शीर्षकापासून वेबपत्त्यात वापरण्याजोगा मजकूर तयार करते. नेहमीच्या पद्धतीने त्याला ‘मराठी’ हा शब्द दिला तर आस्की या मूळ इंग्रजी अक्षरसंचात नसलेली सगळी अक्षरे गळून रिकामी स्ट्रिंग मिळते. सर्व लिपींची अक्षरे सामावणाऱ्या युनिकोडला परवानगी देणारा पर्याय चालू केला तर ‘मरठ’ मिळते, आणि ‘पुस्तक’ दिले तर ‘पसतक’. कारण असे की, हे फंक्शन ज्या रेग्युलर एक्स्प्रेशनवर (मजकुरातील नमुना शोधणाऱ्या सूत्रावर) चालते, त्यात पायथन केवळ अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांनाच ‘शब्दातले चिन्ह’ मानतो. काना, वेलांटी, उकार आणि हलन्त ही युनिकोडच्या वर्गीकरणात जोडचिन्हे असल्यामुळे ती विरामचिन्हांसोबत पुसली जातात. या फंक्शनच्या चाचण्या युटिल्स-टेस्ट्स या फोल्डरमध्ये आहेत आणि त्या एका यादीच्या रूपात आहेत : दिलेला मजकूर, अपेक्षित उत्तर, युनिकोडला परवानगी आहे की नाही. त्या यादीत ‘मराठी’, ‘मराठी’, होय, अशी एक ओळ घालून चाचणी चालवली की ती नापास होते आणि संदेशात ‘मरठ’ दिसते. वाद घालायला याहून भक्कम आधार नाही. मोठे स्पष्टीकरण लिहिण्यापेक्षा ही एक ओळ दोष काय आहे हे अधिक नेमकेपणाने सांगते, आणि देवनागरी वाचता न येणाऱ्या समीक्षकालाही तो दिसतो.

मात्र याच उदाहरणावरून तिकिटाचे महत्त्वही कळते. हा दोष जँगोचा म्हणावा की पायथनचा? मात्रा राहू द्यायच्या ठरवल्या, तर आज तयार झालेले आणि लोकांच्या डेटाबेसमध्ये साठवलेले जुने पत्ते बदललेले चालतील का? हे प्रश्न कोडमध्ये सुटत नाहीत, ते चर्चेत सुटतात. जँगोचे काम ट्रॅक या प्रणालीतील तिकिटांवर चालते; टंकलेखनाच्या चुकीसारखा किरकोळ बदल सोडला, तर प्रत्येक बदलासाठी तिकीट लागते, आणि ते ‘ॲक्सेप्टेड’ (स्वीकारलेले) या अवस्थेला पोहोचण्याआधी लिहिलेला कोड कितीही नेटका असला तरी वाया जाण्याची शक्यता मोठी असते. माझ्या मते नवख्यांची सर्वाधिक निराशा इथेच होते, आणि ती टाळणे पूर्णपणे त्यांच्या हातात असते.

चाचणी कशी लिहावी याबद्दलच्या ज्या बारीक सूचना आपल्याला जाचक वाटल्या, त्यांपैकी बहुतेकांमागे एखादी निसटलेली चूक असते. उदाहरणार्थ, खरे-खोटे तपासताना असर्टट्रू ही तपासणीची आज्ञा न वापरता असर्टइज वापरून उत्तर अगदी ‘ट्रू’च आहे असे तपासावे, असे नियमावली सांगते. याचे कारण सरळ आहे : असर्टट्रू हे 1 या अंकाला, भरलेल्या यादीला किंवा कुठल्याही रिकाम्या नसलेल्या स्ट्रिंगला पास करते, त्यामुळे फंक्शनने ‘ट्रू’ऐवजी चुकून ‘नो’ हा शब्द परत दिला तरी चाचणी हिरवीच राहते. तसेच एरर तपासताना केवळ तिचा प्रकार न पाहता संदेशही पाहणारे असर्टरेझेसमेसेज वापरायचे असते, कारण चुकीच्या मूल्याबद्दलची व्हॅल्यूएरर भलत्याच ओळीतूनही येऊ शकते. चाचणीच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (सुरुवातीच्या वर्णनात) ‘ही चाचणी असे तपासते की’ अशी प्रस्तावना न करता अपेक्षित वर्तन थेट लिहावे, हा नियम वरवर शैलीचा वाटतो. पण शेकडो चाचण्यांमधून आपल्या कामाची चाचणी शोधणाऱ्याला तो उपकारक ठरतो.

मांडणीच्या नियमांबद्दल मात्र मी आपल्याशी अर्धा सहमत आहे : त्यांवर माणसाने डोके खर्च करू नये. जँगोनेही तेच ठरवले, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये संपूर्ण कोड ब्लॅक या कोड आपोआप मांडणाऱ्या फॉरमॅटरने नव्याने मांडून घेतला. तेव्हापासून ओळीची लांबी 88 चिन्हे असावी की 79, अवतरणचिन्हे एकेरी असावीत की दुहेरी, हे वाद संपले. (त्या प्रचंड कमिटमुळे प्रत्येक ओळीचा जुना इतिहास झाकला जाऊ नये म्हणून त्या कमिटचा क्रमांक गिट ब्लेमने, म्हणजे कोणती ओळ कोणी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेने, दुर्लक्षित करायच्या यादीत टाकलेला आहे.) आपण प्री-कमिट हे साधन एकदा बसवले की ब्लॅक, आयसॉर्ट (इम्पोर्ट क्रमाने लावणारे) आणि फ्लेक8 (कोडमधील चुका दाखवणारे) प्रत्येक कमिटच्या वेळी आपोआप चालतात. इथे फक्त एक पथ्य पाळावे : आपल्या दुरुस्तीशी संबंध नसलेल्या ओळी, मग त्या कितीही अव्यवस्थित दिसोत, त्याच पॅचमध्ये नीटनेटक्या करायला जाऊ नये. समीक्षकाला चार ओळी वाचायच्या असतात आणि समोर येतात चाळीस.

चाचण्या आपल्या यंत्रावर चालवण्यासाठी फार तयारी लागत नाही. टेस्ट्स फोल्डरमधील रनटेस्ट्स ही स्क्रिप्ट मूळ स्थितीत एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालते, आणि तिला फोल्डरचे नाव दिले की तेवढ्याच चाचण्या होतात. परंतु जँगोला पोस्टग्रेसक्यूएल, मारियाडीबी, मायएसक्यूएल आणि ओरॅकल हे डेटाबेसही सांभाळायचे असतात, त्यामुळे आपला बदल डेटाबेसकडून माहिती मागवणाऱ्या क्वेरीशी निगडित असेल तर घरी हिरवी असलेली चाचणी जँगोच्या सर्व्हरवर लाल (नापास) होऊ शकते. अशा वेळी डेटाबेसचे नाव पाहून चाचणी वगळू नये. ती सुविधा त्या डेटाबेसमध्ये आहे का, हे विचारणारे डेकोरेटर (चाचणीच्या वर लिहायच्या खुणा) उपलब्ध आहेत, तेच वापरावेत.

कव्हरेजच्या, म्हणजे चाचण्यांमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या याच्या, टक्केवारीला मात्र फार भुलू नये. ओळ चालली याचा अर्थ तिचे उत्तर कोणी तपासले असा होत नाही. शिवाय चाचणीची सामग्री वाचता येण्याजोगी असावी, या आग्रहाला मार्च 2024 पासून वेगळेच वजन आले आहे : एक्सझेड या फाइली आकाराने लहान करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये जो छुपा दरवाजा (गुपचूप आत शिरण्याची वाट) सापडला, त्याचा घातक भाग चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींमध्ये दडवलेला होता, आणि अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना एसएसएच लॉगइन (दूरच्या संगणकावरचा सुरक्षित प्रवेश) सुमारे अर्धा सेकंद उशिरा होते असे जाणवले म्हणून तो उघडकीस आला. ‘टेस्ट डेटा’ असे नाव दिलेली न उघडता येणारी फाइल आपण पाठवली आणि समीक्षकाने ती कशी तयार केली असे विचारले, तर तो आपल्यावरचा अविश्वास समजू नये. ती तयार करणारी छोटी स्क्रिप्टच सोबत द्यावी.

आपल्याला जर मराठी भाषांतरातील एखादा शब्द बदलायचा असेल, तर त्यासाठी पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल घेण्याची विनंती) चालत नाही. जँगोची भाषांतरे ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर होतात आणि तिथूनच कोडमध्ये येतात. कोडचा बदल असेल तर समीक्षक तिकिटावर ‘नीड्स टेस्ट्स’ किंवा ‘पॅच नीड्स इम्प्रूव्हमेंट’ अशी खूण करून ठेवतात. सुचवलेले बदल करून झाल्यावर ती खूण आपण स्वतः काढायची असते. ती तशीच राहिली तर आपला पॅच तपासणीच्या रांगेत दिसतच नाही, आणि कोणी उत्तर का देत नाही याचा विचार करत माणूस महिनोन्‌महिने बसून राहतो.