वाचक विचारतात : कलमं विकून मुलीकडे कायमचं जावं का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, वय ७१. पत्नी ६७ वर्षांची, तिला मधुमेह आहे आणि दोन्ही गुडघे कुरकुरतात. गुहागर तालुक्यात समुद्राकाठी घर आणि आगर, वर कातळावर हापूसची कलमं. एकुलती मुलगी न्यू जर्सीत असते, आता तिथली नागरिक झाली. ती म्हणते, "बाबा, सगळं विकून इकडे या, म्हातारपणाची काळजी मिटेल." पत्नी तयार आहे, माझा पाय निघत नाही. पेन्शन आहे, मेडिक्लेम नाही. काय करावं?

उत्तर : गुरुजी, जा की राहा हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. विकू मात्र नका, निदान पहिली पाच-सहा वर्षं तरी. कारण पुढे येईलच.

मुलगी काळजी म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे हॉस्पिटल असतं. तुम्ही विचार करा न्हाणीघराचा. हार्ट अटॅक आला तर इलाज कुठे ना कुठे होतो, पैसे कसेबसे उभे राहतात. पण रोज अंघोळ घालणं, संडासला नेणं, घास भरवणं, रात्री दोनदा कूस बदलणं हे कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार? माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा डॉक्टरांचं बिल तसं थोडकंच होतं. खरा पैसा गेला तो दिवसपाळीच्या आणि रात्रपाळीच्या बायकांत, डायपरांत, हवेच्या गादीत. मेडिक्लेमने त्यातला एक रुपया दिला नाही, कारण त्या दाखल नव्हत्या, घरी होत्या.

आता अमेरिकेचं बघू. मुलगी नागरिक असल्याने ती तुमच्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकते, आणि भावंडांच्या अर्जासारखी त्याला वर्षानुवर्षांची रांग नसते. पण कार्ड आलं की मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, आपोआप मिळतं, हा समज चुकीचा आहे. तुमच्यासारख्या ६५ वर्षांवरच्या कार्डधारकाला तिथे सलग पाच वर्षं राहिल्यावरच ते विकत घेता येतं. तुम्ही दोघांनी तिथे नोकरी केलेली नाही, त्यामुळे हॉस्पिटलच्या भागाचा पूर्ण हप्ता भरावा लागतो. २०२५ साली तो माणशी महिना ५१८ डॉलर होता, डॉक्टरांच्या भागाचे १८५ डॉलर वेगळे. मधली पाच वर्षं तिथल्या सरकारी मार्केटप्लेसवरून विमा घ्यावा लागेल. मधुमेह आहे म्हणून तो नाकारत नाहीत, एवढं बरं. पाहुण्यांसाठीचा जो स्वस्त विमा लोक इथून काढून नेतात, तो जुन्या दुखण्यांना बहुतेक वेळा लागू होत नाही.

आणि एवढं करून मेडिकेअर न्हाणीघरात येत नाहीच. किमान तीन दिवस हॉस्पिटलात काढून पुढे नर्सिंगच्या देखरेखीची गरज राहिली, तर ते जास्तीत जास्त शंभर दिवसांना हातभार लावतं, त्यातले पहिले वीस दिवस पूर्ण. नुसती अंघोळ, कपडे, जेवण यांसाठी माणूस हवा असेल तर काही मिळत नाही. नर्सिंग होममध्ये कायमचं राहायचं तर वर्षाला लाख डॉलरच्या वर खर्च. मेडिकेड नावाची गरिबांसाठीची योजना तो उचलते, पण नव्या कार्डधारकाला साधारणपणे पहिली पाच वर्षं तिचा उपयोग नाही. शिवाय तुमचा अर्ज करताना मुलीने तुमच्या पोटापाण्याची लेखी हमी दिलेली असते, त्यामुळे पुढेही तिचा पगार तुमच्या खाती धरला जाऊ शकतो.

म्हणजे शेवटी सगळं मुलीवरच येणार. तेव्हा तिला फोनवर सरळ विचारा, आणि जावई समोर बसलेले असताना विचारा. झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर आहेत का? खाली अंघोळीची सोय आहे का? तिकडच्या बऱ्याच दुमजली घरांत खाली नुसतं संडास आणि बेसिन असतं, आणि वहिनींचे गुडघे असे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरी कोण असतं? वहिनींना उठवत नाही असा दिवस आला तर नोकरी कोण सोडणार? लेकीला असं विचारायचा संकोच वाटतो, मला कळतं. पण ती हे सगळं तुम्ही तिथे पोचल्यावर पहिल्यांदा मोजणार असेल तर कुणाचंच भलं नाही.

पाहुणे म्हणून आधी राहून या, आणि हिवाळ्यात राहा. आपले बहुतेक आईबाप मे-जूनमध्ये जातात. तेव्हा तिकडे रात्री आठपर्यंत उजेड, बागा फुललेल्या, मग सगळंच छान वाटतं. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं. एडिसनच्या ओक ट्री रोडवर मेथीपासून मोदकाच्या पिठापर्यंत सगळं मिळतं, पण तिथवर न्यायला गाडी आणि गाडीवाला लागतो. मोहोराचे दिवस, फवारणीचं काय, म्हणाल. त्या एका वर्षापुरती बाग कराराने देऊन टाका. आंबा एक वर्ष दुसऱ्याने काढला म्हणून काही बिघडत नाही.

आता विकू नका का म्हटलं ते. तुम्ही अनिवासी झालात तरी आजची शेतजमीन तुमच्याच नावावर राहू शकते. पण एकदा विकली की परत घेता येणार नाही, कारण अनिवासी भारतीयाला शेतजमीन खरेदी करता येत नाही. मुलीला बक्षीसपत्राने देऊन मोकळं व्हावं असं कुणी सुचवेल. परदेशी नागरिक झालेल्या मुलीला शेतजमीन बक्षीस देता येत नाही, वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. त्यामुळे नीट मृत्युपत्र करा, आणि सातबाऱ्यावर अजून तुमच्या आजोबांचं नाव आणि सगळे चुलतभाऊ नांदत असतील तर वारसनोंदी तुम्ही हिंडते-फिरते आहात तोवर करून घ्या. तुमच्यामागे लेक न्यू जर्सीतून तलाठी गाठणार नाही.

बँकेच्या काउंटरवर माझं आयुष्य गेलं, तेव्हा हेही सांगते. कायमचे गेलात की बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं, करून घ्यावं लागतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासी माणसाला नवं खातं उघडता येत नाही. ग्रीन कार्ड घेतलं की इथल्या व्याजाचा हिशेबही तिकडच्या करखात्याला द्यायचा असतो, आणि इथली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची माहिती वेगळी कळवायची असते. निवृत्त शिक्षकाच्या मुदतठेवी ही मर्यादा सहज ओलांडतात.

"आंब्याला इकडे, पाऊस लागला की तिकडे" असं मनात असेल, तर तीन-चार महिन्यांच्या खेपा ठीक. इथे सहा महिन्यांच्या वर राहिलात की तिकडे परतताना प्रश्न विचारू शकतात. आधी परवाना न काढता वर्षाच्या वर राहिलात तर कार्डच धोक्यात.

इथेच राहायचं ठरलं, तर पेन्शन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तुम्हाला सत्तरी पार केलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळेल, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. वहिनींना अजून तीन वर्षं आहेत, तोवर महात्मा फुले योजना आहे. पण दोन्ही हॉस्पिटलपुरतंच. डेरवणच्या हॉस्पिटलात दाखल करायची वेळ आली तर घरापासून रस्त्यापर्यंत न्यायचं कसं, हे आधी बघा. खाली आगरात घर आणि वर रस्ता अशी तुमच्याकडची बरीच घरं असतात. १०८ ची गाडी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून येत नाही, माणसं खुर्चीत बसवून वर आणावी लागतात, आणि खुर्ची उचलणारी तरणी पोरं मुंबईला असतात. जमलं तर पडवीला लागून कमोड आणि न्हाणीघर बांधा, भिंतीला धरायला दांडे बसवा, घसरड्या लाद्या काढा. गावातल्या एखाद्या बाईला आत्तापासून दोन तास कामाला ठेवा. ती तुम्हाला, तुम्ही तिला ओळखू लागलात की पुढे तीच चार तास, आठ तास थांबेल. ऐन वेळी चिपळूणच्या ब्युरोतून आलेली अनोळखी बाई आडगावात टिकत नाही. मुलगी तुमच्या तिकिटांवर आणि विम्यावर जे घालणार होती ते तिने इथे वेगळ्या खात्यात दरमहा टाकावं. या बाईचा पगार त्यातून जाईल. अशी मदत पाठवली म्हणजे लेकीचं कर्तव्य चुकलं असं तिला वाटू देऊ नका.

प्रश्न : यजमान गेले. दोन्ही मुलगे परदेशात, मी मालवणात एकटी, वय ६९. पुतण्या जवळ राहतो, तो बघतो. मुलगे म्हणतात, त्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दे म्हणजे पुढची चिंता नको.

उत्तर : ताई, चिंता सुरू होईल तेव्हाच ते पत्र निकामी होतं. देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की आपल्या कायद्यानुसार मुखत्याराचा अधिकार संपतो, म्हणजे स्मृतिभ्रंशात त्याचा उपयोग नाही. मग कुणालातरी पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. घरखर्चाचं खातं पुतण्याबरोबर संयुक्त करा, पण त्यात वर्षभर पुरेल एवढीच रक्कम ठेवा. नामनिर्देशन करा, मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यासाठी मृत्युपत्रच हवं. व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही याबद्दल काही ठाम मत असेल तर तेही लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ही पद्धत सोपी केली आहे. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित नोंद पुरते.

पुतण्याला घर बक्षीस द्यायचं मनात असेल, तर "माझा सांभाळ करील" ही अट त्याच पत्रात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ झाला नाही तर असं पत्र प्रांतांकडे जाऊन रद्द करून घेता येतं. पुतण्या भला आहे, मान्य. भल्या माणसाला ही अट जड जाणार नाही.

प्रश्न : मुलगा कॅनडात आहे, सुपर व्हिसा काढू म्हणतो. देवगडचं घर बंद करावं का?

उत्तर : घर बंद करू नका. हा व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा असतो आणि एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण तुम्ही पाहुण्याच राहता, तिथलं सरकारी आरोग्य कार्ड मिळत नाही. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा स्वतः काढावा लागतो, आणि तो अचानक आलेल्या आजारासाठी असतो, रोजच्या सांभाळासाठी नव्हे. म्हणून एका खेपेला सहा-आठ महिन्यांहून जास्त राहू नका. विमा काढताना रक्तदाबाची गोळी चालू आहे हे फॉर्मवर लिहा, मुलगा "लिहू नको" म्हणाला तरी लिहा.